भाऊ रील बघून अमेरिकेला निघालाय

प्रश्न: ताई, आम्ही नांदेडजवळ राहतो. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा, आयटीआयचा वेल्डर आहे, वर्कशॉपला जायचा पण आता दोन महिने झाले घरीच मोबाईल घेऊन पडून असतो. त्याच्या मित्राचा मामेभाऊ कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो, त्याचे रील बघून बघून याने डंकीने, म्हणजे व्हिसा न घेता चोरट्या वाटेने, अमेरिकेला जायचंच असं डोक्यात घेतलंय. एजंटने ४० लाख सांगितलेत आणि पोरगा धड जेवत नाही म्हणून बाबा दोन एकर विकायला निघालेत. मी काही बोलले की म्हणतो तुला माझं चांगलं बघवत नाही. हे व्हिडिओ खरे असतात का? याला समजवायचं कसं?

उत्तर: अगं, आधी बाबांना सांग की इसारपावती करू नका, कुणाचे पैसे घेऊ नका, बाकीचं सगळं त्यानंतर.

आता व्हिडिओचं. ते खोटे आहेत असं त्याला म्हणू नकोस, कारण ट्रक खरा असतो, रस्ता खरा असतो, आणि तू खोटं म्हणालीस की तो तुझं पुढचं काही ऐकणारच नाही. तुझं पत्र आल्यावर मी असे बरेच रील बसून बघितले. एकात नुसता ट्रकचा डॅशबोर्ड, पंजाबी गाणं आणि समोर मावळता सूर्य, अर्ध्या मिनिटात संपलं. खाली पोरांनी विचारलेलं, भाई कितना लगा, आणि प्रत्येकाला एकच उत्तर, डीएम कर. पुढे व्हॉट्सॲप नंबर येतो आणि तिथे एजंट बसलेला असतो, पोचलेल्या पोरांचे व्हिडिओ हीच त्याची जाहिरात. शिवाय असं एक रील शेवटपर्यंत बघितलं की इन्स्टा तसलीच आणखी दहा दाखवतं, मग पोराला वाटायला लागतं की सगळे चाललेत आणि मी एकटाच मागे राहिलो.

आणि त्या रीलवर कधीचं आहे ते कुणी बघत नाही, माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे. २०२३ मध्ये याच डंकीच्या वाटेवरचं, कोलंबिया आणि पनामाच्या मधलं डॅरिएनचं जंगल ५ लाख २० हजार लोकांनी पायी पार केलं, तेव्हा अमेरिकेच्या बॉर्डरवर पकडलं गेलं तरी आसरा मागितला की बऱ्याच जणांना कोर्टाची तारीख देऊन सोडायचे. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प परत आले आणि तो रस्ता बंद झाला. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, माणसांच्या हातात बेड्या, पायात साखळ्या, कुणी जमीन विकून गेलेलं, कुणी व्याजाने पैसे काढून. त्यात आपल्या महाराष्ट्राचेही तिघं होते. त्या आधीचे रील मात्र अजून फिरतायत, आणि तुझा भाऊ तेच बघत असणार.

तू एक कर, त्या मामेभावाला भावासमोरच फोन लाव, स्पीकरवर. विचार की तू कुठल्या साली गेलास, कर्ज किती फिटलं, कोर्टाची पुढची तारीख कधी आहे, आईला शेवटचं कधी भेटलास. केस चालू असेल तर तो गावी येऊन परत तिकडे जाऊ शकत नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकू दे, तू किंवा मी सांगून उपयोग नाही.

भावाला बाहेर जायचंय यात काही वाईट नाही गं, वेल्डरला आखातात कामं असतात. पण एजंट ई-मायग्रेटच्या सरकारी वेबसाईटवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. नोंदणीवाल्या एजंटला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, याच्यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, आणि डंकीने नेण्याचं लायसन तर सरकार कुणालाच देत नाही, त्यामुळे ४० लाख गेले तर तक्रार तरी कुठल्या कागदावर करणार.

वर्कशॉपच्या मालकाला पण एकदा भेटून ये, परत घेतात का विचार. आणि फोन झाला की मला नक्की कळव तो मामेभाऊ काय म्हणाला.