कोल्हापुरात मेडिकल दुकान आहे. एआय असिस्टंटला औषधांच्या खुल्या डेटाबेसशी जोडता येईल का?

हो, येईल, आणि पैसेही पडत नाहीत: अमेरिकेतल्या एफडीएचा (तिथली औषध नियामक संस्था) ओपनएफडीए हा औषधांच्या लेबलांचा डेटाबेस आणि तिथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा आरएक्सनॉर्म हा औषधांच्या नावांचा डेटाबेस, दोन्हींचे एपीआय (म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याकडून माहिती मागवायची सोय) सगळ्यांना खुले आहेत. राजारामपुरीतल्या एका मेडिकलच्या कॉम्प्युटरवर मी हेच बसवून दिलंय. एपीआय असिस्टंटला टूल म्हणून द्यायचा; मग तो मनानं ठोकून न देता लेबलचा मजकूर मागवतो आणि त्यावरून बोलतो. ओपनएफडीएवर एपीआय की (वापरणाऱ्याला मिळणारा ओळख-कोड) नसेल तर दिवसाला १,००० विनंत्या चालतात, एका दुकानाला रग्गड झाल्या. खरी मेख नावांत आहे. आपण पॅरासिटामॉल म्हणतो, तिकडच्या लेबलवर अ‍ॅसिटामिनोफेन. आपलं सालब्युटामॉल ते तिकडे अल्ब्युटेरॉल. आपले ब्रँड तर बहुतेक नसतातच. त्यामुळे क्रम असा ठेवा:

- स्ट्रिपच्या मागे छापलेला घटक टाइप करा, ब्रँड नको
- आरएक्सनॉर्मवरून त्या घटकाचं अमेरिकेतलं नाव घ्या
- त्या नावानं ओपनएफडीएचं लेबल काढा

एक मात्र बघा: निमेसुलाइडला अमेरिकेत मंजुरीच नाही, त्याचं लेबल तिथं मिळणार नाही. ‘माहिती सापडली नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावायचा नाही, हे असिस्टंटच्या सूचनेत आधीच लिहून टाका. आणि दोन औषधं एकत्र चालतात का हे सांगणारा आरएक्सनॉर्मसोबतचा एपीआय जानेवारी २०२४ मध्ये बंद झालाय. जुने व्हिडिओ बघून त्याच्या नादी लागू नका.