सामाजिक करार: संमती कोणी आणि कधी दिली?

प्रश्न (दादर): राज्यसत्तेचा अधिकार लोकांनी संमतीने केलेल्या करारातून येतो, असे सामाजिक कराराचा सिद्धांत मानतो. पण असा करार इतिहासात कधी झालाच नसेल, तर हॉब्ज, लॉक आणि रूसो या तत्त्वज्ञांचा हा सिद्धांत तिथेच कोसळत नाही का?

तेवढ्याने कोसळत नाही. बहुतेक राज्ये आक्रमणातून किंवा सत्ता बळकावण्यातून उभी राहिली, हे डेव्हिड ह्यूम यांनी 1748 मधील निबंधात ठामपणे मांडले. हा घाव लॉक यांच्या वर्मी बसतो, कारण प्रत्यक्ष संमतीवर त्यांची भिस्त आहे. कांट यांनी मात्र मूळ कराराला घटना न मानता कायद्याची कसोटी मानले: ज्याला सर्व प्रजा संमती देऊच शकणार नाही, तो कायदा अन्याय्य.

प्रश्न (घाटकोपर): मी रोज लोकलने जातो, पालिकेचे पाणी पितो, म्हणून राज्यसत्तेला माझी संमती आहेच, असे एक मित्र म्हणतात. हे योग्य आहे का?

आपल्या मित्रांचे म्हणणे लॉक यांच्या मूक संमतीच्या, म्हणजे न बोलता केवळ वागण्यातून दिलेल्या संमतीच्या, कल्पनेशी जुळते. राजरस्त्याने नुसता प्रवास करणाराही तशी संमती देतो, असे ते मानत. पण नकार देण्याची सोय नसेल, तर होकाराला काय अर्थ उरतो? तिकीट काढताना आपण खरोखर संमती देतो, कारण न चढण्याची मुभा असते. राज्याबाहेर पडायची तशी मुभा नसते. झोपेत जहाजावर आणलेल्या आणि आता समुद्रात उडी घेण्याखेरीज दुसरा मार्ग नसलेल्या माणसाचा ह्यूम यांनी दिलेला दाखला इथे चपखल बसतो. परकी भाषा न येणारा, रोजच्या मजुरीवर जगणारा गरीब देश सोडू शकेल का, असेही ते विचारतात. सकाळी मजूर नाक्यावर काम मिळण्याची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न आजही जसाच्या तसा लागू आहे. कायदा पाळण्याचे कर्तव्य आपल्याला असेलही, पण ते अन्य आधारावर सिद्ध करावे लागेल.

प्रश्न (विक्रोळी): करार करणारे स्वतंत्र आणि समान असतात, असे गृहीत धरलेले दिसते. मग स्त्रिया, दलित, अपंग यांचे काय?

माझ्या मते सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. कॅरोल पेटमन यांनी 1988 मध्ये दाखवले, की स्वतंत्र पुरुषांच्या या कराराआड स्त्रियांवरील सत्तेचा आणखी एक करार गृहीत धरलेला असतो. चार्ल्स मिल्स यांनी 1997 मध्ये वंशाबाबत तेच मांडले: गोऱ्यांनी आपसांत केलेल्या करारात इतर माणसे करार करणारे पक्ष नसून कराराचा विषय होती. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या 1971 च्या न्यायविषयक मांडणीतही करार करणारे पक्ष परस्परांच्या लाभासाठी सहकार्य करू शकणारे असतात, त्यामुळे तीव्र अपंगत्व असलेल्यांचा प्रश्न मागाहून सोडवायचा राहतो, हा मार्था नुसबॉम यांचा आक्षेप आहे. आपल्याकडे यात जातीची भर पडते. डॉ. आंबेडकरांनी सांगितलेल्या श्रेणीबद्ध विषमतेत जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असतो, आणि म्हणूनच अन्याय्य व्यवस्थेला अनेकांची संमती सहज मिळते. अशी संमती न्यायाचा पुरावा कशी ठरेल?

प्रश्न (मुलुंड): भारताचे संविधान हाच आपला सामाजिक करार नव्हे का?

संविधान सभा 1946 मध्ये प्रांतिक विधिमंडळांमार्फत अप्रत्यक्षपणे निवडली गेली, आणि त्या विधिमंडळांसाठीचा मताधिकार मालमत्ता, शिक्षण अशा अटींनी मर्यादित होता. तरीही संविधान लंगडे ठरत नाही, कारण त्याचा अधिकार केवळ संमतीवर उभा नाही. मुंबईतील पदपथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला याचे उत्तम उदाहरण आहे. पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि 15 ऑक्टोबर 1981 नंतर पाडकामाला अडथळा आणणार नाही, असे त्यांच्या वतीने उच्च न्यायालयात मान्य करण्यात आले होते. पालिकेने त्याच कबुलीवर बोट ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये तो मुद्दा फेटाळला, कारण संविधानाने दिलेल्या स्वातंत्र्याचा सौदा कोणालाही करता येत नाही. उपजीविकेचा हक्कही न्यायालयाने जीविताच्या हक्कात धरला. दिलेल्या कबुलीनेही जे हक्क जात नाहीत, त्यांचा उगम करारात शोधणे मला पटत नाही. अर्थात त्याच निकालाने पावसाळ्यानंतर पदपथ रिकामे करण्याची मोकळीक पालिकेला दिली, हेही विसरता येणार नाही.