पहाटे साडेपाचचं क्रिकेट आणि खिडकीतून ओतलेली बादली

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचक पिंपरी-चिंचवडमधल्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, चाकणला कंपनीत सेकंड शिफ्ट, घरी यायला रात्रीचा एक वाजतो. मेची सुट्टी लागल्यापासून पहाटे साडेपाचला बेडरूमच्या खिडकीखालीच दहा-बारा मुलांचं क्रिकेट सुरू होतं, जोडीला ब्लूटूथ स्पीकरवर गाणी, बॉल ग्रिलवर आदळतो, एक काचही फुटली. सेक्रेटरी म्हणतात "मुलं आहेत, खेळणारच." गेल्या रविवारी यांचा संयम सुटला, वरून बादलीभर पाणी ओतलं, बॉल काढून घेतला आणि "परत दिसलात तर तंगडी मोडून हातात देईन" असं ओरडले. आता एका मुलाचे वडील पोलीस तक्रार करतो म्हणतायत. वाचक विचारतात, मीच आधी मुलांवर तक्रार ठोकू का?

भाऊ, नका ठोकू. तुमचा त्रास खरा आहे, रात्री एकला आलेल्या माणसाला साडेपाचला उठवणं म्हणजे चार तासांच्या झोपेवर दिवस काढायला लावणं, आणि हे महिनाभर चाललंय. पण सध्या या प्रकरणात कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात कच्ची बाजू तुमची आहे, म्हणून आधी तीच बघू.

कोणाच्या अंगावर मुद्दाम पाणी ओतणं हा भारतीय न्याय संहितेत बळाचा गुन्हेगारी वापर धरला जाऊ शकतो, कलम १३१, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. हा अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत, बहुतेक एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतील. मला जास्त काळजी तुमच्या त्या वाक्याची वाटते. हाड मोडणं कायद्यात गंभीर दुखापत आहे आणि गंभीर दुखापतीची धमकी कलम ३५१(३) मध्ये येते, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. रागात तोंडातून निघालेला प्रत्येक शब्द काही कोर्ट धमकी मानत नाही, समोरच्याला घाबरवायचा हेतू होता का ते बघतात, पण समोर बारा वर्षांचा पोरगा आहे, तुम्ही मोठे आहात, आणि कोणीतरी मोबाइलवर शूटिंग केलेलं असलं तर ती क्लिप आधी पोलीस स्टेशनला पोचेल, तुमची झोपमोड कोणी शूट केलेली नाहीये. तेव्हा बॉल परत द्या, आजच, आणि त्या वडिलांना समोरासमोर भेटून पाण्याबद्दल आणि बोलण्याबद्दल सॉरी म्हणा. आवाजाची तक्रार मागे घेऊ नका, ती वेगळी गोष्ट आहे. हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात लिहू नका, तिथे लिहिलेलं उद्या प्रिंट काढून तुमच्याच विरुद्ध वापरतील.

आता मुलांवर तक्रार का नाही ते सांगते. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा होत नाही, सात ते बारामध्ये त्याला आपण काय करतोय याची समज होती का ते बघावं लागतं, आणि त्याच्या वरच्या मुलांनी किरकोळ काही केलं तरी बाल न्यायाच्या नियमांप्रमाणे एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते. आणि मुळात खेळताना ओरडणं हा गुन्हाच नाही. दिवाणी कोर्टात उपद्रव म्हणून दावा लावला तरी कोर्ट बघतं की साधारण माणसाला हे सहन होण्यासारखं आहे का, तिथे मुलांचा खेळण्याचा आवाज हा वस्तीतल्या राहण्याचा भाग धरला जायची शक्यता फार. वर तारखांवर तारखा, आणि तोवर ती मुलं बारावीला पोचतील.

मग तुमच्या हातात काय आहे? तर वेळ आणि स्पीकर. या दोन गोष्टी धरून ठेवा.

ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, त्यात रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्या जागेत लाउडस्पीकर किंवा आवाज करणारं कुठलंही साधन वाजवता येत नाही, तुमच्या कंपाउंडमधला ब्लूटूथ स्पीकर यातच येतो. म्हणजे साडेपाच ते सहा या अर्ध्या तासातली गाणी सरळ सरळ नियमाविरुद्ध आहेत, तिथे डेसिबल मोजत बसायचीही गरज नाही. बाकी रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, त्याच्यावर १० डेसिबल किंवा जास्त गेलं तर तक्रार करता येते, पण ही मोजणी अधिकाऱ्याच्या मीटरने होते, मोबाइल ॲपचा आकडा फार तर तुमच्या वहीत लिहायला. सुप्रीम कोर्टाने २००५ च्या निकालात शांतपणे जगता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे मान्य केलंय, तेव्हा "झोप काय, दुपारी काढा" असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. मात्र सहा वाजल्यानंतर या नियमाचा जोर खूप कमी होतो हे पण लक्षात असू द्या, सेकंड शिफ्टवाल्यासाठी कायद्यात वेगळी रात्र नाही, आणि मला स्वतःला हे बरोबर वाटत नाही, चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात निम्मी बिल्डिंग शिफ्टमध्ये जगते.

म्हणून सहाच्या पुढचे दोन तास कायद्याने मिळणार नाहीत, ते सोसायटीकडून मिळवावे लागतील. सेक्रेटरींना तोंडी बोलून काही होत नाही, कमिटीच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि कॉपीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांप्रमाणे, असा अर्ज कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये ठेवायचा असतो आणि त्यानंतर १५ दिवसांत तुम्हाला निर्णय कळवायचा असतो. अर्जात कुठल्याही मुलाचं नाव नको, "मुलं वाया गेलीत" वगैरे अजिबात नको. तारखा, वेळा, स्पीकर, फुटलेली काच, तुमच्या शिफ्टचं कंपनीचं पत्र, एवढंच. काचेचं बिल जोडा, कोणाच्या बॉलने फुटली ते माहीत असेल तर त्या पालकांशी वेगळं बोला, बहुतेक लोक देतात, नाही दिले तर एवढ्यासाठी कोर्टात जाण्यात अर्थ नाही.

आणि मागणी "खेळ बंद करा" अशी करू नका, ती टिकणार पण नाही, कारण मोकळ्या जागेचा योग्य वापर कमिटी करू देत नाही अशी तक्रार उद्या पालक सर्वसाधारण सभेत नेतील आणि तिथे मतं त्यांचीच जास्त पडतील. मुलं साडेपाचला का उतरतात याचा विचार करा ना, मे महिन्यात आठनंतर ऊन सहन होत नाही, संध्याकाळी त्याच जागेत गाड्या लागलेल्या असतात आणि वॉचमन हाकलतो, मग त्यांनी खेळायचं कधी? तेव्हा मागणी अशी करा, सकाळी साडेसात-आठच्या आधी खेळ नको, स्पीकर कधीच नको, स्टंप तुमच्या खिडकीपासून लांब मागच्या भिंतीकडे, बॉल टेनिसचाच, आणि बदल्यात संध्याकाळी साडेपाच ते साडेसात तेवढ्या चार-पाच गाड्या हलवून जागा मोकळी. या शेवटच्या मुद्द्याला तुम्ही स्वतः पाठिंबा द्या, तुमची गाडी तिथे लागत असेल तर पहिली तीच हलवा. असा ठराव सभेत झाला की तो सगळ्यांना लागू, मग सेक्रेटरींना "मुलं आहेत" म्हणून हात झटकता येत नाहीत.

पोलिसांकडे जायचंच झालं तर फक्त सहाच्या आधीच्या स्पीकरसाठी, ११२ ला फोन करा किंवा स्टेशनला लेखी द्या, आणि तेही कमिटीने अर्ज दाबून ठेवला तरच. त्या वडिलांनी खरंच तक्रार दिली आणि तुम्हाला बोलावलं तर जा, टाळू नका, अर्जाची पोच सोबत ठेवा, जे झालं ते खरं सांगा, पण वकिलाशी बोलल्याशिवाय कुठल्याही जबाबावर घाईने सही करू नका.

आज शिफ्टला निघायच्या आधी बॉल देऊन या. वडील घरी नसले तर मुलाच्याच हातात द्या, आणि त्यालाच विचारा की संध्याकाळी जागा मिळाली तर चालेल का.