वाचक विचारतात: छोटी एसयूव्ही घ्यायची, इंजिन कोणतं आणि गिअरबॉक्स कोणता?

प्रश्न: मी नागपूरला मनीषनगरात राहते, शाळा सदरमध्ये आहे, जाऊन-येऊन रोजचे वीसेक किलोमीटर होतात. आई वर्ध्याला असते, तिच्याकडे महिन्यातून दोनदा चक्कर असते. क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखतो म्हणून आता ऑटोमॅटिकच घ्यायची ठरवली. महिंद्राची थ्री एक्सओ, ह्युंदाई व्हेन्यू टर्बो आणि मारुती ब्रेझा बघून आले, मिस्टर म्हणतात ब्रेझा घे, भाऊ म्हणतो पॉवर बघ, आणि प्रत्येक शोरूमवाला म्हणतो आमचाच गिअरबॉक्स चांगला. एएमटी, डीसीटी, टॉर्क कन्व्हर्टर ऐकून डोकं फिरलं. नेमका फरक काय?

उत्तर: ताई, गुडघ्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण त्यामुळे गाडी निवडायची सुरुवात गिअरबॉक्सपासून करता येते. बहुतेक लोक आधी रंग, मग सनरूफ, मग मायलेज बघतात आणि गिअरबॉक्स शेवटी जो मिळेल तो घेतात, आणि नंतर सात-आठ वर्षं रोज त्याच्याशीच भांडत बसतात.

एएमटी म्हणजे आपला साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्याऐवजी एक यंत्र करतं. स्वस्त पडतो, मायलेज मॅन्युअलइतकंच देतो, पण गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे जाते. मी स्वतः एकदा शोरूमवाल्याने दिलेल्या दीड किलोमीटरच्या सपाट चकरेवर भरवसा ठेवून एएमटी घेतली होती, तेव्हा मस्त वाटली, पण घरच्यांना बसवून बर्डीच्या गर्दीत नेली तेव्हा मागे बसलेल्या आईला उलटीसारखं व्हायला लागलं. दोन वर्षांत विकली. म्हणून मी कोणालाही आधी हेच सांगतो की टेस्ट ड्राइव्ह आपल्या रोजच्या रस्त्यावर घ्या, त्यांच्या रस्त्यावर नाही.

डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, एक १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो आणि दुसरा २, ४, ६. एक गिअर चालू असताना पुढचा तयारच असतो, त्यामुळे बदल इतका पटकन होतो की कळतही नाही, हायवेवर तर मजा येते. पण व्हेन्यूचा डीसीटी ड्राय क्लचचा आहे, म्हणजे क्लच तेलात बुडालेले नसतात, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत व्हरायटी चौकात इंच इंच सरकताना ब्रेक अर्धवट सोडून गाडी रांगवत ठेवली की क्लच घासतो आणि तापतो. टाटा नेक्सॉनचा डीसीटी तेलात बुडालेल्या क्लचचा आहे, तो ही गरमी जास्त सहन करतो. याचा अर्थ व्हेन्यू घेऊच नका असा नाही, पण समोरच्या गाडीने पाच-सहा फूट जागा सोडली की मगच पुढे जायचं आणि मग पूर्ण ब्रेक दाबून थांबायचं ही सवय लावावी लागेल.

आता टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचऐवजी तेल असतं, एका पंख्याने ढकललेलं तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. घासायला काही नाही, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये रांगत चालणं आणि फ्लायओव्हरच्या चढावर थांबून परत निघणं हे त्याला सगळ्यात सोपं जातं. थोडं पेट्रोल जास्त लागतं, शहरात ९-१० चं मायलेज धरून चला. थ्री एक्सओ आणि ब्रेझा दोन्हीमध्ये ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, स्कोडा कायलॅकमध्येही तोच प्रकार आहे, तीही एकदा बघून या. तुमच्या गुडघ्यासाठी आणि सदरच्या रस्त्यासाठी मला हाच प्रकार योग्य वाटतो, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतोय.

भाऊ म्हणतो पॉवर बघ, तर पॉवर बघितली तर ब्रेझा १०३ पीएस (पीएस म्हणजे पॉवर मोजायचं माप), थ्री एक्सओचं साधं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) १११ आणि व्हेन्यू टर्बो १२०. पण शहरात उपयोगी पडतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ती एनएममध्ये मोजतात, आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेत असताना मिळतो ते. ब्रेझाचं १.५ लिटर इंजिन टर्बोशिवायचं आहे, त्याचा १३७ एनएम टॉर्क ४४०० आरपीएमला येतो, म्हणजे ओव्हरटेक करताना इंजिन ओरडू द्यावं लागतं. थ्री एक्सओचा २०० एनएम १५०० पासूनच मिळतो, व्हेन्यूचा १७२ सुद्धा १५०० पासून. पण मिस्टरांचं म्हणणंही चूक नाही, ब्रेझाच्या इंजिनात टर्बो नाही, ४ सिलिंडर आहेत, आवाज आणि थरथर कमी, आणि बुटीबोरीच्या पुढे १०० ने शांतपणे जायचं असेल तर ती पुरते.

एक पैशाची गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसीचं असल्यामुळे ती लांबीने लहान असूनही ४० टक्क्यांत बसते. म्हणून कोटेशन घेताना ऑन-रोड किंमत लिहून घ्या आणि तिन्हीची त्याच किमतीवर तुलना करा. माझं मत विचाराल तर थ्री एक्सओ ऑटोमॅटिक पहिली, कायलॅक दुसरी, पण दोन्ही चालवून, आणि हो, ताईंनी स्वतः चालवून, भावाने नाही.

प्रश्न: भाऊ, मी नंदनवनचा, मेडिकल लाइनमध्ये आहे. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, गडचिरोली असा टूर असतो, महिन्याला अडीच हजार किलोमीटर सहज होतात. सगळे म्हणतात डिझेल आता संपलं, पेट्रोल घे. काहून संपलं ते कोणी सांगत नाही. डिझेल घेऊ की नको, आणि घेतली तर ऑटोमॅटिक घेऊ का?

उत्तर: तुमच्यासाठी डिझेलच. हिशोब करून दाखवतो, आकडे अंदाजाने धरतोय, तुम्ही आजचे भाव टाकून परत करा. पेट्रोल १०४ रुपये आणि टर्बो पेट्रोल गाडी हायवेवर १६ देते, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेल ९१ आणि गाडी २१ देते, म्हणजे चार रुपये तेहेतीस पैसे. किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास वाचले. डिझेल मॉडेल सगळं धरून दीड लाखाने महाग पडली असं समजा (त्यात महाराष्ट्रात डिझेलवर आरटीओचा टॅक्स पेट्रोलपेक्षा २ टक्के जास्त आहे हेही आलं), तर ते दीड लाख साधारण ६९ हजार किलोमीटरमध्ये निघतात. तुमचे वर्षाला ३० हजार होतात, म्हणजे सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे वसूल आणि त्यानंतर सगळी बचत. वरच्या ताईंचे महिन्याला आठशे होतात, त्यांना याच हिशोबाने सात वर्षं लागतील. डिझेल संपलं हे त्यांच्यासारख्यांसाठी खरं आहे, तुमच्यासाठी नाही.

ताईंना डिझेल नको याचं दुसरं कारण म्हणजे डीपीएफ. २०२० च्या बीएस-६ पासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडकवणारी जाळी असते, ती भरली की गाडी स्वतःच गरम होऊन काजळी जाळते, पण त्यासाठी गाडी काही वेळ एका स्पीडने चालावी लागते. ताईंसारखी रोज थोडं थोडं अंतर शहरातच चालली तर जाळी चोंदते, लाइट लागते आणि वर्कशॉपच्या चकरा सुरू होतात. तुमची गाडी टूरला लांब नागभीडपर्यंत जाणार, तुम्हाला हा त्रास फारसा होणार नाही.

आता गिअरबॉक्स. उमरेडच्या पुढे दोन लेनचा रस्ता लागला की ट्रकच्या मागून निघून समोरून येणारी बस यायच्या आत परत आपल्या लेनमध्ये यायचं असतं, आणि त्या नेमक्या क्षणी एएमटीने गिअर बदलायला अर्धा सेकंद घेतला तर जीव वर येतो. थ्री एक्सओ आणि नेक्सॉनचं डिझेल एएमटीमध्ये मिळतं, पण तुम्ही दोघींपैकी जी घ्याल ती ६ गिअरची मॅन्युअल घ्या. थ्री एक्सओचा ३०० एनएम आहे, नेक्सॉनचा २६०, दोन्हीत टॉर्क १५०० पासून, म्हणजे चौथ्या गिअरमध्येच ट्रक मागे पडतो आणि सारखा क्लच दाबावा लागत नाही. ऑटोमॅटिकच हवी असेल तर किया सोनेटच्या १.५ डिझेलला ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, २५० एनएम, या टूरसाठी ती मला सगळ्यात आरामाची वाटते, फक्त बजेट ताणावं लागेल. आणि ब्रह्मपुरीच्या जंगलात रात्री रानडुक्कर, नीलगाय आडवी येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, म्हणून भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आपटून घेतलेल्या सुरक्षा चाचणीचे, स्टार बघा, नेक्सॉन आणि थ्री एक्सओला ५ आहेत. मॉडेल ठरलं तरी सहा एअरबॅग आणि ईएससीमध्ये (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) पैसे वाचवू नका, अलॉय व्हीलमध्ये वाचवा.

प्रश्न: रिटायर झालो, धरमपेठेत राहतो. महिन्याला जेमतेम तीनशे किलोमीटर. मुलगी म्हणते टर्बो घ्या, मला भीती वाटते की नागपूरच्या उन्हात टर्बो तापून बसेल.

उत्तर: काका, आताचे टर्बो कूलंटने थंड ठेवलेले असतात, उन्हाने बसत नाहीत. जुनं तेल आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी ओतलेलं नळाचं पाणी, या दोन गोष्टींनी बसतात. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल वेळेवर बदला (तुमची गाडी कमी चालेल, तरी वर्षाला एकदा बदलाच) आणि समृद्धीवरून लांबून आलात तर गाडी बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट तशीच चालू ठेवा, तापलेल्या टर्बोमधलं तेल फिरत राहतं.

पण महिन्याला तीनशेच किलोमीटर असतील तर टर्बोची गरजच नाही. व्हेन्यूचं साधं १.२ पेट्रोल, ८३ पीएस, तुम्हा दोघांना भरपूर झालं, त्यात ऑटोमॅटिक मात्र मिळत नाही. शंका असेल तर मे महिन्यात दुपारी २ वाजता टेस्ट ड्राइव्ह मागा, मुलगी-जावई-नातू सगळ्यांना बसवा, एसी फुल करा आणि सेमिनरी हिल्सचा चढ घ्या. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढली आणि एसीचा गारवा टिकला तर तीच बुक करा, आणि चढली नाही तर मुलीचं ऐका.