साचा नव्हे, ठसा. आणि टांकसाळीतला 'टंक'

खानापूरहून विचारणा आहे: नाणं ज्यानं पाडतात त्या पोलादी तुकड्याला साचा म्हणायचं की ठसा? आणि टांकसाळ म्हणजे धातू 'टाकायची' जागा का?

ठसा. साच्यात वितळलेला धातू ओततात, ठशाखाली घट्ट धातूची चकती ठोकतात. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत एवढ्या फौंड्र्या असताना बेळगावात हे सांगावं लागतं, आणि तरी सत्काराच्या पदकाला 'खास साच्यातून घडवलेलं' म्हणणं थांबत नाही. कन्नडच्या 'अच्चु'मुळे हा घोळ होत असावा. त्यात गुळाचा साचाही येतो आणि छापाही. मराठीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, ते वापरावेत.

हातानं नाणं पाडताना ठसे दोन लागतात. खालचा ऐरणीत रोवलेला, वरचा धरून त्यावर घण, मध्ये तोलून घेतलेली चकती. घणाचा मार थेट बसतो म्हणून वरचा आधी निकामी होतो. ठशात अक्षरं उलटी आणि खोल कोरली, तरच नाण्यावर सुलटी आणि उठावाची येतात. ठशाला तडा गेला की नाण्यावर उंच रेघ दिसते. दोन घावांत चकती हलली की अक्षरं दुहेरी. पाडलेलं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. जुन्या रुपयांत ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून टांकसाळीचं नाव पुष्कळदा अर्धवटच सापडतं. पदकाचा उठाव जास्त, तो एका दाबात भरत नाही. दाबानं धातू कडक होतो, म्हणून मध्येमध्ये तापवून मऊ करायचा आणि पुन्हा त्याच जागी नेमका बसवायचा.

'टाकण्या'चा इथे काही संबंध नाही. संस्कृत टंकशाला, तिची आपली टांकसाळ आणि कन्नडची टंकसाले. टंकसाली हे आडनावही त्यातलंच. टंक म्हणजे 4 मासे (मासा हे सोनाराचं जुनं, छोटं वजन) इतकं वजन आणि छापाचं नाणं. टंक म्हणजे पाथरवटाची छिन्नीही, तीच आपली टाकी. कोशकार हे दोन निराळे शब्द मानून दोन नोंदी करतात. मला ते साफ अमान्य आहे. त्यांनी आहत नाणी हातात घेऊन पाहावीत: चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापलेले, वजन जुळेपर्यंत कोपरे छाटलेले, मग त्यांवर चिन्हं ठोकलेली. छिन्नीनं तोडलेला तुकडा, म्हणून वजन, म्हणून नाणं. अर्थ इतका सरळ चालत येतो, मग मध्ये भिंत कशाला? देवघरातला टाकही मी याच घरातला मानतो: चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेला खंडोबा.