जर्मन पासपोर्ट मिळाल्यावर तिथले लोक आपल्याला जर्मन मानतात का? कॅनडात म्हणे सहज मानतात.

मी स्टुटगार्टजवळ राहतो आणि बहीण टोरोंटोत, त्यामुळे या विषयावर आमची फोनवर कायम जुंपते. माझं मत असं, की तुम्ही कायमचे राहायला आलात हे सरकारने कधी कबूल केलं, यावर लोकांचं मानणं बरंच ठरतं.

जर्मनीने ते फार उशिरा कबूल केलं. 1913 च्या कायद्यानुसार नागरिकत्व वंशावरून ठरायचं. 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले, तेही ‘पाहुणे’ म्हणून. दोन वर्षं राबायचं आणि परत जायचं, असा मूळ बेत. 1973 मध्ये भरती थांबली, पण तोवर माणसं रुळली होती, मागून बायकामुलं आली. इथेच जन्मलेली त्यांची पोरं मात्र कागदोपत्री परदेशी. आणि 1990 च्या सुमारास रशिया-कझाकस्तानातून आलेल्या जर्मन वंशाच्या कुटुंबांना, भाषा धड येत नसली तरी, नागरिकत्व मिळत होतं. ऑफिसातला माझा एक तुर्की सहकारी तेव्हा शाळेत होता. तो सांगतो, “वर्गात आलेल्या नव्या मुलाला जर्मन बोलायला मी शिकवलं. पासपोर्ट त्याच्याकडे होता.”

2000 पासून, आई किंवा वडील आठ वर्षं (2024 पासून पाच) कायदेशीर राहत असतील तर इथे जन्मलेलं मूल जर्मन ठरू लागलं. 27 जून 2024 पासून मोठ्यांना पाच वर्षांनी अर्ज करता येतो आणि जुना पासपोर्टही ठेवता येतो. यात आपली सोय नाही, कारण दुहेरी नागरिकत्व भारतालाच चालत नाही. भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओळखपत्र, घ्यायचं. जर्मन नागरिकत्वाची परीक्षा सोपी असते, 33 पैकी 17 उत्तरं बरोबर हवीत. टॅक्सची नोटीस चुकीची आली तर काय करायचं, असाही एक प्रश्न त्यात आहे. इथे राहिलेल्याला तो अभ्यास न करता येतो!

कॅनडाने 1967 मध्ये गुणपद्धत (शिक्षण, भाषा, कौशल्य यांना गुण देऊन स्थलांतरित निवडायचे) आणली आणि 1971 मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरणच केलं. बहीण म्हणते, “मूळचे कुठले, हे इथेही विचारतात, पण गप्पा मारायला.” आपल्याकडे दादरला तीन पिढ्या काढलेला माणूस ‘गाव कुठलं’ विचारल्यावर राजापूर सांगतो आणि त्याचं मुंबईकरपण कोणी काढून घेत नाही, तसंच ते. फ्रान्सची तऱ्हा तिसरीच. तिथे जनगणनेत वंश विचारतच नाहीत, नागरिक म्हणजे फक्त फ्रेंच. मग मोजलंच नाही तर भेदभाव दाखवायचा कसा, हा तिथला जुना वाद.

जर्मनांना नावं ठेवताना एक लक्षात असू द्या. भारतात जन्मलेलं मूल आपोआप भारतीय, हा नियम आपण 1 जुलै 1987 पासून आवळला आणि 3 डिसेंबर 2004 पासून आणखी. जर्मनी वंशाकडून जन्मभूमीकडे सरकत असताना आपण नेमके उलट्या दिशेने निघालो होतो.

तर मानतात का? ऑफिसात आणि शेजारीपाजारी हा प्रश्नच कोणी काढत नाही. भाड्याचं घर शोधताना मात्र आडनाव अजून आडवं येतं, आणि तिथे पासपोर्ट दाखवण्याची वेळच येत नाही, कारण ईमेलला उत्तरच आलेलं नसतं.