कठड्यावरून बोट फिरव

प्रिय मनू,

काल फोनवर तू 'धुकं आणि धुरकं यात फरक काय' असं विचारलंस आणि मी 'नंतर सांगते' म्हणून वेळ मारून नेली. मुलुंडच्या गॅलरीतून सकाळी येऊरचे डोंगर दिसेनात. आजी म्हणाली धुकं पडलंय, आजोबा म्हणाले कसलं धुकं, धुरकं आहे ते. त्यात मामाकडच्या ताईने इंग्रजीत 'मिस्ट' म्हटलं आणि तू खो-खो हसलीस, कारण आपल्याकडे हॅम्बुर्गात, जर्मनमध्ये, मिस्ट म्हणजे शेणखत! तिला ते नीट सांगितलंस ना? नाहीतर बिचारी अजून विचारात असेल.

आधी आजीचा शब्द. रात्री हवा गार झाली की तिच्यातल्या वाफेचे बारीक बारीक थेंब होतात, इतके हलके की तरंगतच राहतात. ते धुकं. पानावर, गवतावर थेंब धरला तर ते दव. इंग्रजीत हवामानवाले अंतर मोजतात: एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर फॉग, त्यापुढचंही दिसत असेल तर मिस्ट. मराठीत असा हिशेब नाही. विरळ धुकं, दाट धुकं, झालं. गावाकडे कुणी धुई म्हणतं, विदर्भात धुवारी. 'नीहार' हा संस्कृत शब्द तर आता फक्त मुलांच्या नावात उरलाय. आणि गंमत म्हणजे तुझ्या शाळेतलं जर्मन 'नेबेल' आणि आपलं 'नभ' हे एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत. तिकडे त्याचं धुकं झालं, इकडे आकाश.

तू 'धुकी पडली' म्हणालीस, ते मात्र चुकलं. ते धुकं. ते पडतं, दाटतं, विरतं. गाडी धुक्यात अडकते. लिहिताना धुके, बोलताना धुकं.

अडकण्यावरून आठवलं. परवा मामा उशिरा आला, गाडी धुक्यात अडकली म्हणाला आणि तुला वाटलं थापा मारतोय, कारण मुलुंडला तर लख्ख ऊन होतं. अगं, खरंच असतं तसं. बदलापूर, वांगणी, कर्जतचा भाग उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. थंडीत तिथली जमीन पहाटे चांगलीच गार पडते, धुकं साचतं, मोटरमनला सिग्नल दिसत नाही म्हणून गाडी हळू चालवावी लागते. मुंबईला समुद्राची ऊब आणि सिमेंटची धग, त्यामुळे असं धुकं मुंबईत क्वचितच.

मी लहानपणी धुकं दिसलं की आनंदाने नाचायचे. तेव्हा रत्नागिरीची मावशीआजी आलेली असली तर ती कपाळाला हात लावायची: "मोहोर गेला आता!" ढगाळ, धुक्याच्या हवेत आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे हे किडे आणि भुरी ही बुरशी येते. आपल्याला फोटो काढावासा वाटतो आणि बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. त्यामुळे 'काय छान धुकं' असं कोकणातल्या माणसासमोर जरा जपून म्हणायचं.

आता आजोबांचं धुरकं. धूर आणि धुकं जोडून केलेला शब्द, इंग्रजीतल्या स्मॉगसारखाच. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, म्हणजे शहरावर झाकण ठेवल्यासारखं होतं. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, सगळं खालीच कोंडतं. उन्हं तापली की झाकण उघडतं. पण धुकं जसं नऊ-दहाला पार विरून जातं तसं हे जात नाही, दुपारीही डोंगर मळकट दिसतात. आजोबांना खोकला का येतो ते आता कळलं असेल. मला विचारशील तर त्यांचंच खरं असावं. पण आजीसमोर मी हे बोलले नाही हं.

तूच बघ. उद्या सहाला उठ आणि गॅलरीच्या कठड्यावरून बोट फिरव. ओलं लागलं तर आजी जिंकली, काळं खरखरीत लागलं तर आजोबा. चिखल लागला तर दोघंही. आजीने फडकं फिरवायच्या आत उठायला हवं मात्र, ती साडेसहाला सुरू होते.

काय लागलं ते कळव.

तुझी,
आई